वैलावरची आच

मराठी स्वयंपाकघरातले काही शब्द त्या त्या वस्तूंबरोबर निघून गेले. फुंकणी गेली, उतरंड गेली, आणि त्यांच्या मागोमाग ‘वैल’ हा शब्दही गेला. शिक्षिकेच्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी तो मुलांना मुद्दाम विचारून पाहत असे. खानापूर बाजूच्या खेड्यांतून येणारी एकदोन मुले सोडली, तर कोणालाही सांगता येत नसे. ज्यांचे बालपण चुलीपुढे गेले त्या वाचकांना वैल समजावून सांगण्याची गरज नाही; परंतु हा अंक त्यांच्या नातवंडांच्याही हाती पडेल अशी आशा धरून सांगते. चूल घालताना तिच्या एका अंगाला, आतून वाट ठेवून, दुसरे लहानसे तोंड काढीत. जाळ चुलीत असे, आणि चुलीवरच्या भांड्याला पुरून उरलेली धग त्या वाटेने शेजारच्या तोंडाकडे जाई. तोच वैल. काही घरांत त्याला औल म्हणत. कन्नडमध्ये चुलीला ‘ओले’ म्हणतात. औल आणि ओले हे शब्द कानाला तरी शेजारी वाटतात. त्यांचे नाते विद्वानांनी ठरवावे.

वैलाला स्वतःचे सरपण नसे. त्याच्यासाठी कोणी काडी ओढत नसे की फुंकर घालत नसे. चुलीवर भाकरी व्हायच्या, फोडणी तडतडायची, घरातल्या बाईचे सारे लक्ष तिकडे. आणि बाजूला वैलावर, झाकणावर पाणी ठेवलेल्या गाडग्यात हुलगे किंवा तुरीची डाळ आपापल्या वेळाने शिजत असे. झाकणावरचे पाणी हीसुद्धा एक युक्तीच होती. आतली वाफ थंड झाकणाला लागून परत खाली पडे, डाळ करपत नसे, आणि पाणी कमी पडलेच तर ओतायला गरम पाणी हाताशी असे.

गेली काही वर्षे माझ्या ओट्यावर विजेचा एक स्लो कुकर आहे. जाड मातकट भांडे, त्याला बाहेरून मंद ऊब देणारे वेष्टन, वर काचेचे झाकण, आणि एक कळ. रात्री लावावा, सकाळी उघडावा. तो पाहून आलेगेले लोक एक वाक्य हमखास बोलतात: ‘वा, निवांतपणे शिजवायचं म्हणजे! पूर्वीच्या बायकांकडे वेळ होता हो.’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकले, की आता त्याला उत्तर लिहूनच ठेवावे असे वाटते. मंद आचेचा स्वयंपाक हा वेळ असलेल्यांचा स्वयंपाक आहे, ही समजूत मला साफ उलटी वाटते. ज्यांना क्षणाचीही उसंत नव्हती, ज्यांचे हात दुसरीकडे अडकलेले होते, त्यांनीच तो शोधला आणि जगात जिथे जिथे तो सापडतो तिथे त्याच कारणाने सापडतो.

माझे माहेर निपाणीचे. माझी आई विड्या वळत असे. निपाणीच्या परिसरातल्या वाचकांना एवढे सांगितले म्हणजे पुरे; इतरांसाठी थोडे विस्ताराने लिहिते. टेंभुर्णीची पाने आणि तंबाखू मोजून आणायची, पाने रात्री भिजवून ठेवायची म्हणजे सकाळी मऊ होतात, मग पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घ्यायचे, चिमटीने तंबाखू पसरायचा, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजाराच्या हिशेबाने. संध्याकाळी वळलेला माल परत द्यायचा. त्यातल्या विड्या सैल, वेड्यावाकड्या म्हणून बाजूला काढल्या की त्यांचे पैसे नाहीत, पानातंबाखूचा भुर्दंड मात्र वळणारणीचा. अनिल अवचटांनी निपाणीच्या तंबाखूत काम करणाऱ्या स्त्रियांविषयी लिहिले तेव्हा उभ्या महाराष्ट्राला ते वाचून धक्का बसला. आमच्या गल्लीत ते कोणाला नवीन नव्हते.

हजार विड्यांचा हिशेब ज्या बाईच्या डोक्यात असतो, तिला चुलीपुढे उभे राहणे परवडत नाही. पण वेळेपेक्षाही एक मोठी अडचण होती, तिचा उल्लेख मी कुठल्याही लेखात वाचलेला नाही. तंबाखूचा हात अन्नाला लावता येत नाही. तंबाखूची धूळ बोटांच्या रेषांत, नखांच्या कडांत बसते. राखेने घासले तरी कडवटपणा जात नाही. एकदा सूप मांडीवर घेतले, की स्वयंपाकाला हात लावायचा म्हणजे उठून, हात खसाखसा धुऊन, पुसून, मग परत येऊन बोटे कोरडी होईपर्यंत थांबायचे, कारण ओल्या बोटांना पान चिकटते. एवढ्यात पन्नास विड्या गेल्या. म्हणून आई सूप घेण्यापूर्वी, अजून हात ‘अन्नाचे’ असतानाच, सगळे करून मोकळी होई. पहाटे भाकरी थापून होत. आर एका बाजूला ओढून वैलाच्या तोंडाशी दोन गोवऱ्या रचायच्या, निवडून धुतलेली डाळ किंवा रात्री भिजवलेले पावटे गाडग्यात घालायचे, कांद्याचे तुकडे, हळद, तेलाचे बोट, झाकण, झाकणावर पाणी. त्यानंतर ते गाडगे दुपारपर्यंत कोणाचे नव्हते. शाळेतून आल्यावर झाकणातले पाणी बघणे एवढे माझे काम. मी चुळबूळ करून डाव आत घालू लागले, की शेजारची बेळगावाकडून लग्न होऊन आलेली काकी ओरडे, ‘शिजूलंय ते, शिजू दे की! कशाला ढवळूलैस?’

गोवऱ्या संपत आल्या, की आणखी एक उपाय होता. डाळीला एक जोरदार उकळी आणायची आणि गाडगे तसेच उचलून भाताच्या पिंजरात, वर जुने घोंगडे गुंडाळून, कोपऱ्यात ठेवायचे. दुपारी उघडावे तो डाळ मऊ. विस्तव नाही, धूर नाही. पुढे कधीतरी वाचनात आले, की १८६७ सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नॉर्वेतल्या एका गृहस्थाने नेमके हेच, गवताऐवजी लोकर वगैरे भरलेल्या लाकडी पेटीत बसवून, ‘आपोआप शिजवणारे यंत्र’ म्हणून मांडले होते आणि लोकांनी कौतुक केले होते. आमच्या घरच्या घोंगड्याचे कौतुक करायला कोणी आले नाही, त्याबद्दल तक्रार नाही. इंग्लंडमध्ये महायुद्धाच्या काळात कोळसा आणि गॅस वाचवण्यासाठी तीच गवताची पेटी घरोघर सुचवली गेली, हेही सांगून ठेवते. शिजवणारे हात जेव्हा कमी पडतात किंवा जळण कमी पडते, तेव्हा माणसाला मंद आच आठवते.

लग्न होऊन मी बेळगावला, शाहापुरात आले. निपाणी ते बेळगाव महामार्गाने सुमारे पाऊणशे किलोमीटर. पण विड्या वळणाऱ्या घरातून पुस्तके वाचणाऱ्या घरात येण्याचे अंतर त्याहून बरेच अधिक होते. तिथल्या माळ्यावर मला एक पितळी नळकांडे दिसले. उंच, कडीचे, आत एकावर एक बसणारे चार डबे, तळाशी कोळशाची शेगडी. मामंजींनी पुण्यात शिकत असताना घेतलेला इकमिक कुकर. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या माळ्यावर तो असेल; नातवंडांनी त्याला डब्यांचा मनोरा समजून खेळायला घेतला असेल.

इकमिक कुकर कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली तयार केला. हा गृहस्थ वैद्यही होता आणि वकीलही. पुरीच्या जगन्नाथाच्या मंदिरात एकावर एक मडकी रचून महाप्रसाद शिजवतात, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. नावामागे आरोग्य आणि काटकसर या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांची शेपटे जोडलेली आहेत, ‘हायजिनिक’ आणि ‘इकॉनॉमिक’. खाली पेटते कोळसे घालावे, भोवतीच्या पाण्याची वाफ व्हावी, आणि त्या वाफेवर एका डब्यात भात, एकात वरण, एकात भाजी, सारे एकदम आणि कोणी जवळ न बसता शिजावे. मामंजी सांगत, सकाळी डबे भरून कोळसे घालून कॉलेजला गेले, की परत येईतो जेवण तयार आणि गरम. बाहेरच्या खाणावळीचा खर्च वाचे, आणि सोवळ्याओवळ्याचे प्रश्न ज्यांना पडत त्यांचे तेही सुटत.

१९१० हे वर्ष मला फार गमतीचे वाटते. त्याच वर्षी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ निघाले. त्याच वर्षी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून पुढे लोखंडी नांगर बनवू लागलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर आपला कारखाना उचलून कुंडलच्या माळावर घेऊन गेले आणि किर्लोस्करवाडी वसली. शेतकऱ्यासाठी लोखंडी नांगर निघाला, एकट्या विद्यार्थ्यासाठी आणि बदलीच्या गावी राहणाऱ्या कारकुनासाठी आपोआप शिजवणारा कुकर निघाला, आणि गृहिणीसाठी हजार पाकक्रिया निघाल्या! ज्या पुरुषाच्या घरी रांधायला बाई नव्हती, त्याची अडचण ताबडतोब ध्यानात आली आणि तिच्यावर यंत्र निघाले. ज्या घरी बाई होती तिथे यंत्राची गरज काय? सासूबाईंना मी एकदा विचारले, ‘तुम्ही हा का वापरला नाहीत?’ त्या म्हणाल्या, ‘दोघांचा कुकर तो. आमची पंगत चौदांची.’ खरे कारण तेवढेच असेल. तरीही तो कुकर लग्नानंतर माळ्यावर गेला, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

आता माझ्या ओट्यावरच्या यंत्राची कुळकथा. तीही एका बाईच्या आठवणीतून सुरू होते. शिकागोत आयर्व्हिंग नॅक्सन नावाचे ज्यू यंत्रशोधक होते. त्यांची आई लिथुआनियातल्या व्हिल्ना शहरात लहानाची मोठी झाली. ज्यूंच्या शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, विस्तव पेटवायचा नाही असा नियम. मग शनिवारी गरम जेवायचे कसे? शुक्रवारी सायंकाळी कडधान्ये, बटाटे, मांस असे सगळे एका मडक्यात घालून ते गावातल्या पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवायचे. भट्टी विझलेली, पण तिची ऊब रात्रभर टिके. त्या उबेवर ‘चोलेंट’ नावाचे ते कालवण शिजून दुसऱ्या दिवशी घरी येई. आईच्या या आठवणीवरून नॅक्सन यांनी विजेवर चालणारे भांडे केले. त्याचे पेटंट त्यांना १९४० साली मिळाले. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ साली तेच भांडे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणले. अमेरिकेत बायका मोठ्या संख्येने नोकरीसाठी घराबाहेर पडत होत्या तो हा काळ. सकाळी भरून जा, संध्याकाळी जेवा, अशीच त्याची जाहिरात होती.

विझलेल्या भट्टीची उरलेली ऊब आणि चुलीतून पुरून उरलेली वैलाची धग, यांत मला काही फरक दिसत नाही. आपल्याकडेही श्रावणातल्या शिळासप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचे खाण्याची रीत काही घरांत होती. चुलीला वर्षातून एक दिवस सुटी. व्हिल्नाच्या बायकांना ती दर आठवड्याला मिळे, एवढाच फरक.

येथे एक शंका कोणी बेळगावकर नक्की काढील: आणि मग कुंदा? कुंदा ही मंद आचेची करामत नव्हे काय? आहे. चुलीवर ठेवलेले दूध विसरले गेले, ते आटून तांबूस झाले आणि कुंदा जन्मला, अशी कथा आपल्याकडे सांगतात. कथा गोड आहे. पण विसरलेल्या दुधाचा कुंदा होत नाही, त्याची खरवड होते. कुंदा करायचा तर आच मंद असूनही माणूस कढईपाशी बांधलेला असतो. दूध ढवळत राहा, तळ खरवडत राहा, तासन्‌तास. म्हणजे मंद आचेच्या दोन जाती मानायला हव्यात. एक माणसाला उभे करून ठेवते. तिच्यासाठी खरोखरच सवड लागते, किंवा पगारी आचारी लागतो. दुसरी माणसाला सोडून देते. वैल, इकमिक, पिंजरातले गाडगे ही दुसऱ्या जातीची. ‘पूर्वीच्या बायकांकडे वेळ होता’ म्हणणारे या दोन जातींची गल्लत करतात.

हीच गल्लत हल्ली महामार्गावर पाटी होऊन उभी आहे. कोल्हापूर सोडून बेळगावकडे निघालात, की ‘चुलीवरचे मटण’, ‘चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या दिसू लागतात. चवीविषयी माझे भांडण नाही. जाळावर भाजलेल्या भाकरीला तोड नाही, हे मीही मानते. परंतु पाटीमागे, मोटारी उभ्या असतात त्याच्या पलीकडे, धुरात बसलेली बाई कोण असते ते एकदा वाकून पाहावे. माझ्या आईच्या छातीत तंबाखूच्या धुळीने आणि चुलीच्या धुराने मिळून जे काही घर केले आहे, ते कुठल्या पाटीवर लिहीत नाहीत. २०१६ मध्ये गॅससाठी उज्ज्वला योजना आली, तेव्हा वृत्तपत्रांतून चुलीच्या धुराविषयी बरेच काही छापून आले. आई ते वाचून दाखवल्यावर एवढेच म्हणाली, ‘आत्ता कळलं व्हय?’

माझी स्वतःची नोकरीची वर्षे शिट्ट्यांवर गेली. प्रेशर कुकर आपल्या देशात १९५९च्या सुमारास बनू लागले. आमच्या घरी गॅस आणि कुकर बरोबरच, १९८४ साली आले. कुकरचे उपकार मोठे आहेत. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर. इथे उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांपर्यंत पोहोचतच नाही, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवावरच उकळते. बंद कुकरात मात्र ते एकशेवीसच्या घरात जाते, म्हणून तासाची डाळ पंधरा मिनिटांत होते. पण त्या पंधरा मिनिटांत घरातून हलता येत नाही. एक कान कायम शिट्टीकडे. वह्या तपासताना तीन शिट्ट्या झाल्या की चार, या एका प्रश्नावर मी किती वेळा उठले असेन याची गणती नाही. वैल हाक मारत नसे. कुकर मारतो.

स्लो कुकर २०१९ साली आला, तो सुनेने पाठवला म्हणून. ती पुण्याला एका रुग्णालयात परिचारिका आहे, पाळीपाळीने रात्रीची ड्यूटी. त्या दोघांकडे तो आधीपासून होता. बहुतेक वेळा माझा मुलगाच तो लावतो, आणि हे मी या अंकात मुद्दाम नमूद करते. आमच्या वन्सं त्या दिवाळीला आल्या होत्या. यंत्र पाहून म्हणाल्या, ‘वहिनी, चुलीजवळ माणूस नाही तर त्या अन्नात जीव कसा उतरायचा? आयतं शिजलेलं ते.’ वन्सं मनाने वाईट नाहीत. त्यांच्या हातची मसूर आमटी मी आजही मागून खाते. पण त्यांच्या बोलण्यात जो विचार आहे तो आपल्या जुन्या घरांत फार खोलवर मुरलेला आहे. बाई जितकी अधिक वेळ चुलीपुढे, तितकी तिची माया अधिक, असे ते मोजमाप. या मापाने माझ्या आईची माया दिवसाला दीड तास भरेल. वन्संना मी तसे म्हटले. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडून वास मात्र घेतला.

यंत्राचे गुणदोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर मी त्याची विक्रेती ठरायची. त्यात काही तांबूस होत नाही, कारण उकळण्याच्या पलीकडे त्याची धग जातच नाही. म्हणून कांदा, खोबरे, मसाला आधी कढईत परतून घ्यावा लागतो, आणि फोडणी शेवटी वरून द्यावी. आधी दिलेली फोडणी सहा तासांत मुकी होते. वाफ बाहेर जात नाही, तेव्हा पाणी नेहमीच्या अंदाजाहून कमी घालावे. भात त्यात करू नये, लगदा होतो. चिंच, आमसूल, टोमॅटो, गूळ यांतले काहीही कडधान्य मऊ झाल्याखेरीज घालू नये. आंबटाने आणि गुळाने दाणा आखडतो, हे आपल्या आज्यांना माहीत होतेच. राजम्याची मात्र वेगळी दक्षता. कच्च्या राजम्यात पोटाला घातक असे एक द्रव्य असते आणि मंद आचेने ते मरत नाही. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटे, अर्धा तास झाला तर उत्तमच, खळखळून उकळावा आणि मगच या भांड्यात घालावा. हुलगे, पावटा, तूर यांच्याही बाबतीत मी एक उकळी आधी आणतेच. पिंजरातल्या गाडग्याची ती सवय. वीज लागते म्हणाल तर मध्यम आकाराचे भांडे दोनशे वॅटच्या आसपास घेते, म्हणजे सहा तासांत सव्वा युनिट. अर्थात वीज असली तर. रात्री ती केव्हा गेली आणि किती वेळ गेली हे कळले नाही, तर सकाळी ते अन्न वाढायचे नाही, हा नियम मी पाळते. कोमट भांडे हे जंतूंचे माहेर असते. या एका बाबतीत वैल श्रेष्ठ. त्याची वायर कोणी तोडत नसे.

आई आता माझ्याकडे असते. वय अठ्ठ्याऐंशी. दात नाहीत, कवळी चालत नाही. तिला खपलीची खीर आवडते, आणि खपली हे धान्य घाईच्या माणसासाठी नाही. आपल्या बेळगाव, कोल्हापूर, सांगली भागात हा गहू पूर्वापार होतो. त्याचे तूस दाण्याला घट्ट धरून बसते. पाण्याचा हात लावून, उखळात सडून ते काढावे लागे. आता सडलेली खपली बाजारात मिळते. रात्रभर भिजवली तरी शिजायला चारपाच तास. लहानपणी वर्षातून एकदोनदाच ती घरी होई, ज्या दिवशी पाने आली नाहीत म्हणून काम बंद, त्या दिवशी. म्हणजे आमची पक्वान्नाची तिथी पंचांगात नव्हती, ती पानांच्या गाडीवर ठरे. मजुरी बुडाली म्हणून आईचे तोंड उतरलेले असे आणि आम्ही पोरे मात्र खुशीत.

पहिल्यांदा मी स्लो कुकरमध्ये खपली घातली त्या रात्री आई तीनदा उठली. मला वाटले बाथरूमला. पाहते तो ओट्यापाशी उभी, हात काचेच्या झाकणावर. ‘विस्तव कोण बघतंय?’ तिने विचारले. म्हटले, ‘कोणी नाही. बघायला लागत नाही.’ ‘मग तू काय करूलैस?’ काकीची बोली तिच्या जिभेवर केव्हाची चढली आहे. म्हटले, ‘मी झोपलेय.’ यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग स्टूल ओढून तिथेच बसली. अंधारात तिची उजव्या हाताची बोटे अंगठ्यावर फिरत होती. ती तशी कायमच फिरतात, झोपेतसुद्धा, पान नसले तरी. मी तिला खोलीत चल म्हटले नाही. दिवा न लावता मीही बसले. यंत्र आवाज करीत नाही, त्याला ज्योत नाही; बघण्यासारखे त्यात काहीच नसते. तरी आम्ही दोघी त्याच्याकडे तोंड करून अर्धाएक तास बसलो होतो, आणि तिच्या मांडीवर सूप नाही असा तेवढा वेळ मी तिच्याजवळ लहानपणी कधी बसले असेन, हे आठवून पाहत होते.

अलीकडे ती उठत नाही. मात्र संध्याकाळी खपली भिजत घालताना तिला दाखवावी लागते. ती बोटांनी दाणे चाळते, एखादे उरलेले तूस काढते, पाणी कमी वाटले तर सांगते. हात ‘अन्नाचे’ आहेत याची खात्री करायला आधी धुऊन येते. तंबाखू सोडून तीस वर्षे झाली, तरी दोनदा धुते. सकाळी दाणा बोटात धरून चुरडून पाहते, आणि तिने मान हलवल्यावरच मी गूळ घालते. सुंठ, जायफळ, शेवटी नारळाचे दूध. आणि पहिली वाटी तिच्याकडे न येता भिंतीपलीकडे जाते, हा तिचा हुकूम. पलीकडचे बिऱ्हाड कन्नड आहे. तिथल्या आजी या खिरीला हुग्गी म्हणतात, आणि दर वेळी भिंतीवरून विचारतात, शिजायला किती वेळ लागला? मी सांगते, रात्रभर. वाटी दुपारी परत येते, रिकामी नव्हे. आपल्याकडे वाटी रिकामी द्यायची नसते. मागच्या वेळी त्यांनी शेंगा होळिगे दिली होती, शेंगदाण्याची. आईला ती चावत नाही. तिने तुकडे करून उरलेल्या खिरीत भिजत घातले आणि झाकण ठेवून सांगितले, ‘ऱ्हाऊ दे संध्याकाळपतोर.’